एका बुक्कीचा हिरो

बसमध्ये मोबाईल वाजवणारी माणसं मला अजिबात खपत नाहीत. पण रामाकोन्याहून सौंसरला जाताना अधूनमधून भेटणाऱ्या त्या बाईंना मी कधी टोकलं नाही. वय पन्नाशीचं, मांडीवर कोर्टाच्या कागदांची पिशवी आणि पदराच्या सावलीत धरलेल्या मोबाईलवर जपानी कार्टून. त्यातला हिरो कितीही मोठ्या राक्षसाला एका बुक्कीत आडवा करतो आणि तोंड पाडून घरी जातो. बुक्की बसली की बाईंची मूठ पिशवीवर आपोआप आवळली जायची आणि त्या खुदकन हसायच्या.

नवरा गेल्यावर दिरांनी संत्र्याच्या बागेतला हिस्सा दिला नाही, म्हणून त्या तारखेला जायच्या, एवढं मला ठाऊक होतं.

परवा परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "काय झालं आज?"

"काय होते मॅडम? पुढची तारीख देल्ली." त्यांनी तेच कार्टून पुन्हा लावलं.

"हा जिंकतो, तरी असा उदास का?"

"कंटाळून राहिला नं तो, जितून जितून."

मूठ आवळली गेली, पण या वेळी त्या हसल्या नाहीत.

"मलेबी एकदा तसं कंटाळून पाह्याचं हाये."