मोहितेकाकूंच्या गिअरबॉक्सचं तेल

गाझियाबादच्या आमच्या वसाहतीत सकाळी गाडीचं बॉनेट उघडून उभी असलेली बाई एकच. सुनेत्रा मोहिते. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते आणि त्यांना काकू म्हणते. डावा पाय किंचित ओढत त्या गाडीभोवती फिरतात, टायरवर मूठ आपटतात, इंजिन ऑइलची पट्टी जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसून बघतात. त्यांचे यजमान शांताराम मोहिते फौजेत गाड्यांच्या तुकडीवर सुभेदार होते. दर रविवारी ते घरच्या गाडीचीही अशी परेड घ्यायचे. ते गेले, परेड राहिली.

गाडी पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक आणि जुनी. पंधरा वर्षांची झाली की दिल्ली परिसराच्या नियमानं तिला रस्त्यावरून उतरावं लागेल, पण त्याला अजून अवकाश आहे, हे काकू विचारणाऱ्याला सांगतात आणि न विचारणाऱ्यालाही. जबलपूरच्या क्वार्टरच्या जिन्यावरून पडून त्यांचा डावा घोटा मोडला होता. तो जुळला, पण वाकडा. क्लच दाबणं जमेना, तेव्हा सुभेदारांनी क्लच नसलेली ही गाडी शोधून आणली आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

सुभेदार गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला समोरच्या हॉलमध्ये वसाहतीतल्या बायकांचं हळदीकुंकू होतं. कुणी काही वाईट बोललं नाही. फक्त काकूंच्या दारावरची बेल वाजली नाही. दुपारपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग तिळगुळाचा डबा उचलला आणि पलीकडच्या गल्लीतल्या पार्वतीबाईंना हाक मारली. त्यांचे यजमान त्याआधीच गेले होते.

"काळी साडी नेसा आणि बसा गाडीत."

"कुठं जायचंय?"

"जिथं कपाळ बघून तिळगूळ देत नाहीत तिथं."

त्या पानिपतला गेल्या. लढाई झाली तो दिवस चौदा जानेवारीचा, म्हणून काला आंबच्या स्मारकापाशी त्या दिवशी मराठी माणसं जमतात. तिथं दोघींनी डबा रिकामा होईपर्यंत तिळगूळ वाटला. तेव्हापासून दर संक्रांतीला गाडी पानिपतला जाते. गेल्या वर्षी मागच्या सीटवर अश्लेषा आली. नवरा सीमेवर शहीद झालेला, वय माझ्याएवढं.

यंदा दिवाळीनंतर गाडी बिघडली. सिग्नल सुटला की इंजिन गुरगुरायचं, पण गाडी जागची हलायची नाही, आणि मग एकदम पुढे हिसका. रिव्हर्स टाकला की आधी विचार करायची.

बंगळूरहून मुलाचा, कौस्तुभचा, फोन आला. काकू स्पीकरवरच बोलतात.

"आई, विकून टाक यार आता. संक्रांतीला मी कॅब बुक करून देतो ना, पानिपतला जाऊन ये."

"कॅबमध्ये मी कुठं बसू?"

"म्हणजे? मागे."

"मागे बसायला सांगणारे समोरच्या हॉलमध्ये पुष्कळ आहेत. त्यासाठी पानिपतला कशाला जाऊ?"

शोरूममध्ये एका टाय लावलेल्या मुलानं समजावलं की गिअरबॉक्सचं तेल लाइफटाइम असतं, बदलायचं नसतं, गाडीबरोबरच्या पुस्तकातही तसंच छापलंय. सुभेदारांनी पुस्तकाचा शब्द कधी मोडला नव्हता. त्यांनी इंजिनचं तेल वेळेवर बदललं आणि गिअरच्या तेलाला हात लावला नाही.

"लाइफटाइम कुणाचं?" काकूंनी विचारलं. "माझं की गाडीचं?"

"मॅडम, गिअरबॉक्सचं."

"म्हणजे तो मेला की लाइफटाइम संपलं. मग बरोबरच छापलंय."

तिथून त्या हिसके देणारी गाडी राघवच्या गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. राघवनं गिअरबॉक्सची पट्टी ओढली. तेल नवं असताना लाल असतं; हे काळपट होतं आणि त्याला जळका वास येत होता.

"आंटीजी, इसको छेड़ो मत. पुराना तेल निकाला और गाड़ी खड़ी हो गई, तो?"

"खड़ी तो वो अभी भी हो रही है."

"खड़ी हो गई तो मुझे मत बोलना."

"नहीं बोलूँगी. पर धक्का तू मारेगा."

राघव हसला आणि कोपऱ्यातल्या तेलाच्या ड्रमकडे वळला. हे सगळ्या गाड्यांना चालतं, म्हणाला. काकूंनी पट्टीच्या मुठीवर बोट ठेवलं. तिथं तेलाचा प्रकार कोरलेला होता. "यही चाहिए. मेरी गाड़ी सब गाड़ी नहीं है." मशीननं जोर लावून सगळं तेल एकदम धुऊन काढायलाही त्यांनी नकार दिला. जुना गाळ एकदम सुटला तर आतल्या बारीक वाटा तुंबतील, ही भीती राघवलाही होती. खालून निघेल तेवढं काढायचं, तेवढंच नवं भरायचं, काही दिवस गाडी चालवायची, पुन्हा काढायचं. असं तीनदा करायचं ठरलं.

तळाचा पत्रा उतरवला तेव्हा लोहचुंबकावर करडा लगदा चिकटलेला होता, ओल्या रांगोळीसारखा. राघवनं तो बोटांत चोळून पाहिला. धातूचा एकही कण टोचला नाही. "अभी जान है," तो म्हणाला. काकूंनी दुखरा पाय स्टुलावर ठेवला होता. त्या हळूच म्हणाल्या, "माहीत आहे मला."

पण नवं तेल भरून आणलेली गाडी आधीपेक्षाही वाईट चालू लागली. वसाहतीच्या फाटकाच्या चढावर ती मागे घसरली. हळदीकुंकवाच्या तयारीला जमलेल्या बायका हॉलच्या पायरीवरून बघत होत्या. फोनवर कौस्तुभ म्हणाला, "मी सांगितलं होतं, आई." काकूंनी फोन उलटा ठेवला. संध्याकाळी जिन्यातून जाताना मला त्यांचं स्वयंपाकघर दिसलं. तीळ भाजायला काढले होते आणि गॅस पेटवलेला नव्हता.

सकाळी त्या पुन्हा गॅरेजात उभ्या राहिल्या. "कल कैसे नापा था, फिर से दिखा."

राघवनं इंजिन बंद केलं, पट्टी ओढली आणि तसाच थांबला. मग कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या एका कंपनीच्या गाडीत पातळी इंजिन बंद करून बघतात. त्याच सवयीनं त्यानं हिची बघितली होती. हिची मात्र बघायची ती गरम इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून. बंद इंजिनात तेल खाली उतरतं आणि भरपूर आहे असं वाटतं. चालू इंजिनावर पट्टीचं टोक जेमतेम ओलं झालं.

"आंटीजी, गाली दे दो."

"गाली बाद में. पहले तेल."

त्या दिवशी चढावर गाडी घसरली नाही. दुसऱ्यांदा तेल बदललं तेव्हा ते तपकिरी निघालं, तिसऱ्यांदा विटकरी. रिव्हर्स टाकला की गाडी आता विचार करत नव्हती.

संक्रांतीच्या सकाळी धुकं इतकं होतं की हॉलवरचं तोरण दिसत नव्हतं. पार्वतीबाई पुढे बसल्या, अश्लेषा आणि मी मागे. वाटेतलं मुरथल मागे पडल्यावर धुकं विरळ झालं. काकूंनी एक ट्रक मागे टाकला. गिअर कधी बदलला ते कळलंही नाही. पार्वतीबाईंनी दाराची घट्ट धरलेली कडी सोडली.

काला आंबच्या फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा अश्लेषानं पिशवीतून कुंकवाची कुयरी काढली. दसऱ्याला गाडीला लावतात तसं आज लावू या, एवढी चालली बिचारी, म्हणाली. ती बॉनेटकडे वळली.

काकूंनी काच खाली केली आणि मान बाहेर काढली.

"गाडीला नंतर," त्या म्हणाल्या. "आधी मला."

अश्लेषाचं बोट क्षणभर अडलं. आजूबाजूला माणसं होती, कुणीतरी वळून बघितलंही. मग तिनं काकूंच्या कपाळावर कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत. काकूंनी कुयरी तिच्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "वाक जरा. तुझं राहिलंय."