बाबांच्या गाडीचा धूर

बाबा गेल्यावर त्यांची मोटारसायकल वर्षभर टिनाच्या छपरीखाली उभी होती. आईने तिच्यावर खताच्या पोत्यांचं शिवलेलं एक ताडपत्रीसारखं पांघरूण टाकलं होतं. मी रोज शाळेत शिकवायला जाताना तिच्या बाजूनेच माझी स्कूटी काढायचो, पण पांघरूण उचलून कधी पाहिलं नाही. विकायची गोष्ट निघाली की आई म्हणायची, "राहू दे. काय खायले मागते का ती?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई कामरगावहून आली. ती आणि भाऊजी तिकडे पिठाची गिरणी चालवतात. भाऊजी शेताकडे असले की पट्टा बसवण्यापासून मोटर उघडण्यापर्यंत सगळं तीच करते. लहानपणीही घरातला बिघडलेला रेडिओ तिच्याच हातात जायचा आणि मी बाजूला बॅटरी धरून बसायचो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो, तर तिने छपरीतून आवाज दिला.

"बाबू, इकडे ये. गाडीले मारून टाकता काय तुमी?"

पांघरूण खाली पडलेलं होतं. टाकीवर धुळीचा थर, आरशात कोळ्याचं जाळं, सीटला उंदराने एका कडेने कुरतडलेलं. तरी हँडलवरच्या मुठी बाबांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या तशाच होत्या. ताईने एक मूठ धरली आणि थोडा वेळ धरूनच ठेवली. मी दुसरीकडे पाहिलं.

आमचे बाबा मालेगावजवळच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. कोणाची गाय अडली, कोणाच्या बैलाच्या खांद्याला जखम झाली, की डॉक्टरांच्या मागोमाग किंवा कधी त्यांच्या आधीच बाबा या गाडीवर पोचायचे. डिकीत कापूस, पट्ट्या, लाल औषधाची बाटली. घरी आले की त्यांच्या अंगाला औषधाचा आणि गोठ्याचा मिळून एक वास यायचा. ताई अकोल्याला शिकत होती तेव्हा शनिवारी संध्याकाळी जऊळक्याच्या स्टेशनवर तिला घ्यायला जायचे. मी मोठा झालो होतो तरी मला पुढे टाकीवर बसवायचे. परतताना ताई मागे, तिची बॅग तिच्या आणि बाबांच्या मधे, आणि सोयाबीनच्या शेतांवरून येणारा गार वारा. जयंतीच्या दिवशी सकाळी गाडी धुऊन, हँडलला निळा झेंडा बांधून आम्ही चौघंही तिच्यावरच मालेगावच्या मिरवणुकीला जायचो. चौघं कसे मावायचो, ते आता त्या सीटकडे पाहून समजत नाही.

आम्ही जुनं पेट्रोल काढून टाकलं, नवीन टाकलं, प्लग घासला, माझ्या स्कूटीची बॅटरी जोडली. बऱ्याच किक मारल्यावर गाडी चालू झाली. पण ताईने रेस देऊन सोडली की बाजूने फाट् फाट् असे बार निघायचे, जणू कोणी फटाक्यांची लड लावून दिली आहे. शेजारचं कुत्रं पळून गेलं.

मालेगावच्या मेकॅनिकला आम्ही घरी बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या एका बोटाएवढ्या लोखंडी नळीकडे हात केला. नळी गंजून उभी फाटली होती.

"हे धुराचं सामान हाये," तो म्हणाला. "वरून चांगली हवा घेते आन धुरात सोडते, म्हंजे उरलेलं पेट्रोल तिथंच जळून जाते. आता हे भेटत नाई कुठं. सारेच काढून टाकतात. काढून टाका, गाडी मोकळी होईल."

"म्हंजे बिनकामाचं हाये?" ताईने विचारलं.

"गाडी चालायले याची काही गरज नाई."

तो गेल्यावर ताईने बाह्या वर केल्या. "मंग आपणच काढू. यात काय हाये?"

दोन दिवस आम्ही तेच केलं. सीट काढली, टाकी उतरवली. टाकीखाली काळ्या प्लास्टिकचा एक वाटीएवढा डबा होता. त्यातून एक रबरी नळी हवेच्या फिल्टरकडे जायची, एक बारीक नळी कार्बोरेटरच्या बाजूला आणि तिसरी त्या फाटक्या लोखंडी नळीला जोडलेली. नटांवर गंज चढला होता. ताई डिझेलचे थेंब टाकून ठेवायची, आणि नट सैल होईपर्यंत आम्ही दोघं उकिडवे बसून गप्पा मारायचो. इतक्या गप्पा आम्ही तिच्या लग्नानंतर मारल्या नव्हत्या. स्टेशनवर रेल्वेला उशीर झाला की बाबा फलाटावरच कसे झोपून जायचे, आणि ताईने दहावीत असताना हीच गाडी गुपचूप काढून शाळेच्या मैदानात कशी आपटली होती, हे सगळं निघालं.

"तवा बाबा काही बोलले नाई मले," ताई म्हणाली. "माह्या टोंगळ्याले औषध लावलं. मंग दुसऱ्या दिवशी म्हणे, चाल, नीट शिकवतो."

डब्याचे नट निघाले तेव्हा ती एकदम थांबली. "हे पाह्य."

रबरी नळी जिथे डब्याला जोडली होती तिथे जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती. मळून ती पिवळी पडली होती. तिच्याखाली आणखी एक पट्टी, तिच्याखाली आणखी एक. पुढे, जिथे नळीला चीर गेली होती, तिथे टाके घालायच्या दोऱ्याने जवळ जवळ वेढे देऊन ती बांधलेली होती. गाठ नेमकी, टोकं बारीक कापलेली. बाबा बैलाच्या जखमेला घालायचे तशीच.

"बाबांनी केलं हे," मी म्हणालो.

"एकदा नाई. कितीक वेळा केलं दिसते." ताई त्या नळीवरून बोट फिरवत राहिली. "बिनकामाचं होतं तर काहून करत बसले?"

कोणतीच वस्तू टाकून द्यायची नाही, हा त्यांचा स्वभाव होता, असं मी म्हणालो. ताईलाही ते पटल्यासारखं वाटलं, आणि आम्ही पुढे कामाला लागलो.

नळी निघाल्यावर इंजिनाला जे भोक उघडं पडलं ते बंद करणं महत्त्वाचं होतं. दाराच्या जुन्या कडीची एक जाड पट्टी आम्ही घेतली. शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणलं, पट्टी कापून तिला दोन भोकं पाडली. पहिली पट्टी वाकडी झाली. दुसरीची भोकं जुळेनात, तेव्हा ताई स्वतःवरच चिडली आणि पाणी प्यायला निघून गेली. तिसरी नीट बसली. फिल्टरच्या बाजूच्या भोकात बाबांच्या सामानातलं इंजेक्शनच्या बाटलीचं एक रबरी बूच घट्ट बसलं. बारीक नळीत एक स्क्रू पिळून ती बंद केली. टाकी चढवली, सीट लावली.

ताईने किक मारली. गाडी लगेच चालू झाली. बार नाही, खडखड नाही. ताईने रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. आवाज थोडा भारी झाला होता, पण एकसारखा. डोळे मिटले असते तर बाबाच आले असं वाटलं असतं.

"झाली की नाई मोकळी?" ताई ओरडून हसत होती. तिच्या गालाला ग्रीस लागलं होतं.

आई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. तिने पदर नाकाला लावला. आधी ती हळू खोकली. मग थांबेचना. सूप बाजूला सरकवून ती भिंतीला टेकली आणि तिच्या छातीतून बारीक शीळ येऊ लागली. ताईने गाडी बंद केली. मी तिचा औषधाचा पंप आणायला धावलो. आईला दम्याचा त्रास आहे, पण बऱ्याच दिवसांत तो इतका उठला नव्हता. रेस देऊन देऊन आम्ही अंगणात जो धूर केला होता तो आता मला दिसला. छपरीच्या टिनाखाली तो अजून निळसर तरंगत होता.

औषध ओढून, पाणी पिऊन आई शांत झाली. मग तिने विचारलं, "काय काढलं तुमी तिच्यातून?"

ताईने तो काळा डबा आणि नळ्या आणून तिच्यासमोर ठेवल्या. आईने डब्याला हात लावला नाही. चिकटपट्टीकडे पाहत राहिली.

"तेच काढलं का?" ती म्हणाली. "त्याच्याचसाठी तर घेतली होती ही गाडी."

मग तिने सांगितलं. ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. या गाडीच्या आधी बाबांकडे एक जुनी फटफटी होती, पेट्रोलमध्ये ऑइल टाकावं लागायचं अशी. तिचा धूर निळा आणि दाट. मला ती अजिबात आठवत नाही. ताईला फक्त तिचा लाल रंग आठवतो.

"तुह्या मावशीच्या लग्नाले चाललो होतो," आई ताईला म्हणाली. "तू मधात बसली होती, हा पोटात होता. वारा मागून होता, सारा धूर अंगावर. जऊळक्याच्या फाट्यापाशी मी म्हणलं थांबा. खाली उतरली, आन छातीत हवाच जाये ना. तुमचे बाबा अशे घाबरले, अशे घाबरले! गाईले काही झालं तर हात थरथरत नसे त्यायचा. तवा मले पाणी पाजाले गेले तर अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं."

ती हसली. ताई हसली नाही.

"लग्नाले गेलोच नाई. ट्रकवाल्यानं घरी सोडलं. दुसऱ्या आठवड्यात त्यायनं फटफटी विकून टाकली. लय जीव होता त्यायचा तिच्यावर. मंग कितीक वर्षं सायकलवरच फिरले. ही घ्याले गेले तवा मलेही घेऊन गेले. दुकानदार सांगे, पळते किती, पेट्रोल किती खाते. हे म्हणत, ते राहू द्या, धूर किती करते ते दाखवा. मले मागं उभी केली आन गाडी चालू कराले लावली. म्हणे, घे बरं श्वास."

"तू घेतला?" मी विचारलं.

"मंग? लोकं पाहून राह्यले होते. मले लाज वाटे. पण घेतला."

संध्याकाळी ताई जेवताना म्हणाली, "मले वाटलं, जुनं सामान हाये, खराब झालं, काढून टाकलं. एवढंच." मी म्हणालो, आपल्याला कुठे ठाऊक होतं. ती म्हणाली, "नाई न. पण चिकटपट्टी पाह्यली तवा तरी आईले इचाराले पाहिजे होतं."

तिने भाऊजींना फोन केला. कारंज्यात जुन्या गाड्यांचं सामान विकणारा एक माणूस त्यांच्या ओळखीचा होता. दोन दिवसांनी आम्ही दोघं एसटीने कारंज्याला गेलो. दुकानामागच्या आवारात मोडक्या मोटारसायकलींचे ढीग लागले होते. दुकानदार म्हणाला, "हे मागाले तुमी पहिलेच. लोकं आम्हाले फुकट देऊन जातात, आमी फेकून देतो." त्याने एका चेपलेल्या गाडीकडे बोट दाखवलं. पुढचं चाक पार वाकलेलं, पण टाकीखालचा डबा शाबूत होता आणि लोखंडी नळीही. ताईने तिथेच बसून ते सामान काढलं. डब्याची नळी तोंडात धरून तिने फुंकर मारली, हवा पार गेली. मग ओढून पाहिलं, हवा आली नाही.

"एकाच बाजूनं जाते," ती म्हणाली. "चांगलं हाये." आणि भर उन्हात, तोंडाला काळं लागलेलं, ती माझ्याकडे पाहून अशी हसली की मला ती अकोल्याहून आलेली, फलाटावर उतरणारी ताई दिसली.

घरी येऊन आम्ही पट्टी काढली, नळी बसवली, बूच काढून रबरी नळी जोडली. या वेळी गाडी ढकलत रस्त्यावर नेली आणि तिकडेच चालू केली. बार निघाले नाहीत. ते फाटलेल्या नळीमुळेच निघत होते. धूर एकदम कमी झाला असं मला काही डोळ्यांनी दिसलं नाही, खरं सांगायचं तर. मी मागे उभा राहून श्वास घेऊन पाहिला. पेट्रोलचा उग्र वास तेवढा कमी वाटला. मालेगावला धुराची तपासणी केली, तिथे गाडी पास झाली. आईचा खोकला तसा पूर्ण गेलेला नाही. कापणीच्या दिवसांत, थ्रेशरच्या धुळीत तो येतोच. पण त्यानंतर तशी शीळ पुन्हा ऐकली नाही.

ताई जायच्या आदल्या दिवशी आई स्वतःच म्हणाली, "मले एक चक्कर मारून आण."

बाबा गेल्यापासून ती त्या गाडीवर बसली नव्हती. कुरतडलेल्या सीटवर मी दुहेरी टॉवेल टाकला. ताई पुढे बसली, आई एका बाजूला पाय सोडून मागे. तिने ताईच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढून कमरेला धरलं.

"हळू चालव," ती म्हणाली. "आन त्या नव्या पुलावरून ने. मी अजून पाह्यलाच नाई तो."

दोघी वळणापलीकडे गेल्या. मी दारात उभा राहिलो आणि बराच वेळ आवाज ऐकू येत राहिला.