हेळव्याच्या चोपडीत नसलेल्या बायका

रविवार, फेब्रुवारीतला दुसरा. कुरुंदवाड, मामांचं घर, सकाळी साडेदहा. हजर: धाकटे मामा, वय चौसष्ट. थोरली मामी, म्हणजे त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको, वय एक्याऐंशी. पिढ्यानपिढ्या घराण्याची वंशावळ सांगत आलेला हेळवी. माझी मुलगी, वय एकतीस. मी. गैरहजर: चंदगडची मावशी. खरं तर सगळ्यात आधी तिलाच गाठायला हवं होतं, पण हे मला दुपारी कळलं.

काम एकच होतं. मुलीच्या लग्नाला दोन वर्षं झालीत. आणखी दोन-तीन वर्षं थांबून मग मूल, असा तिचा बेत होता. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या डॉक्टरबाई तपासणीचा कागद बघून म्हणाल्या, वयाच्या मानानं बीजांचा साठा कमी दिसतोय. एका कागदावरून घाबरू नका, पण आई, आजी, मावशी यांची पाळी कितव्या वर्षी गेली ते विचारून या. मग थांबायचं की नाही ते ठरवू. त्यांनी पंधरा दिवसांनंतरचा सोमवार दिला.

मी वहीत रकाने आखले आणि पहिल्याच ओळीला अडले. माझी पिशवी एकोणचाळिसाव्या वर्षी काढली. गाठ होती, डॉक्टर म्हणाले काढू या, आम्ही म्हटलं काढा. पाळी आपणहून कधी गेली असती, ते आता देवालाच ठाऊक. माझी आई एक्केचाळिसाव्या वर्षी तापानं गेली. दोन ओळी, दोन्हींत रेघ. उरली आईची आई, नव्वदी पार करून गेलेली. तिला शेवटचं मूल कितव्या वर्षी झालं एवढं कळलं तरी अंदाज येईल, असा माझा हिशेब. म्हणून हेळवी यायचा दिवस विचारून घेतला आणि मुलीला घेऊन कुरुंदवाडला आले.

हेळव्यानं मोटारसायकल दारात लावली, बाहेरच्या सोप्यात बसून चोपडी उघडली आणि सात पिढ्या घडाघडा म्हटल्या. आज्जा, पणजा, त्यांचे भाऊ, कुणी कुठली जमीन कसली. आजी फक्त बायको म्हणून, एका शब्दात. वय नाही. माझी आई आणि मावशी तर नाहीतच.

"लेकी कुठं आहेत?" मी विचारलं.

"लेकी दुसऱ्याच्या चोपडीत जातात, अक्का."

"माझ्या वडिलांकडं चोपडीच नाही."

"मग मी काय करू? तुमच्या आज्जानं सांगितलं तेवढं माझ्या बापानं लिहिलं. म्हशी सांगितल्या असत्या तर म्हशी लिहिल्या असत्या."

मामा म्हणाले, "म्हशीचं लिवायला कशाला पायजे? कुठली कितव्या वेताला आटली, आत्ता विचार, सांगतो."

"तुमच्या आईचं सांगा."

मामा चहाचं बघायला आत गेले.

मामी इतका वेळ पावटे सोलत होती. ती म्हणाली, "ह्या धाकट्यानंतर तुझी आजी थांबली. चाळीस असंल-नसंल. मी लग्न होऊन आले तवा हे पाळण्यात होतं."

"म्हणजे चाळिशीत पाळी गेली?" मी पेन उचललं.

"पाळी कुठली जातीय. मी पयल्यांदा बाळंत झाले आणि ती माजघरात झोपाय लागली. सून बाळंत झाल्यावर सासूनं पाळणा हलवायचा, भरायचा न्हाय. गाव हसतंय."

मी पेन खाली ठेवलं.

मुलगी मात्र सरसावून बसली. ती ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. ती सांगू लागली, बहुतेक प्राण्यांच्या माद्या मरेपर्यंत पिलं घालतात. बाई आणि काही जातींचे देवमासे मात्र मध्येच थांबतात आणि पुढं कित्येक वर्षं जगतात. शास्त्रज्ञांचा एक अंदाज असा, की एका घरातलं अन्न दोन बाळंतिणींना पुरत नसे. नातवंडात सासूचं रक्त असतं, पण सासूच्या तान्ह्यात सुनेचं नसतं, म्हणून माघार सासूनं घेतली. हजारो पिढ्या असं होता होता शरीरच थांबायला शिकलं. नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या उपयोगी पडल्या, म्हणून आयुष्यही लांबलं.

"रक्त बघून पाजत्यात व्हय?" मामी म्हणाली. "ह्यालाबी मीच पाजलंय, माझ्या पोराबरोबर."

मामा चहा घेऊन आले होते. "झालं का सुरू परत?"

"दीर म्हणून सोडते. न्हायतर कान पिळला असता."

हेळवीसुद्धा हसला. मला हसू येईना. माणसाच्या जातीचं कोडं सुटलं असेल, माझा रकाना रिकामाच राहिला. आजीचं शरीर थांबायच्या आधीच नात्यानं तिला थांबवलं होतं. त्या चाळिशीचा मला काही उपयोग नव्हता. मामीला तिचं विचारलं, तर तिचीही पिशवी काढलेली.

"मावशीला इचार की," मामी म्हणाली. "तिची पिशवी जाग्यावर हाय. आणि तुझ्या आजीची न्हाणीधुणी शेवटपत्तुर तीच बघायची. ह्या सोप्यात बसून काय घावणार तुला?"

तिथूनच फोन लावला. मावशीचा फोन तिचा मुलगा धरतो, स्पीकर लावून. मावशी काजूच्या मोहोराबद्दल बोलली, जेवलीस का म्हणाली, आणि मी विषय काढताच म्हणाली, "पुरुष माणसं बसल्यात घरात. ठेवते."

म्हणजे समोरासमोर, एकटीला गाठायचं, आणि तेही मुलगा घरी नसताना. बुधवारी मला रजा मिळाली नाही. शुक्रवारी निघाले, तर तो आजारी पडून घरातच. दवाखान्यात तारीख पुढं ढकलायला सांगितली, तर महिन्यानंतरची देतात. मुलगी म्हणाली, "राहू दे आई. कळलं नाही तर लगेचच प्रयत्न करू." तिनं हे इतक्या सहज म्हटलं की मला राग आला. थांबायचा बेत तिचा होता. तो मोडायचाच असेल तर काहीतरी कळून मोडावा.

आज रविवार, उद्या संध्याकाळी दवाखाना. वहीत मावशीच्या नावापुढं पेन्सिलीनं लिहिलंय: उद्या, चंदगड, पहिली एसटी, मुलगा कामावर गेल्यावर. पुढची चौकट रिकामी आहे.