पाहुण्यांसाठी बंद ठेवलेलं माजघर

"ह्या हवेत आमच्या सुनेचं बाळंतपण? नको हो. आजच दाभोळला नेते तिला!" सुमनच्या सासूबाई तरातरा उठल्याच.

सुमन पहिलटकरीण, हेदवीला माहेरी आलेली. तिच्या चिरेबंदी घराच्या माजघरात आम्ही हवेचं सॅम्पल घेतलं होतं. ऐंशीच्या दशकात माझं काम तेच, हवेत मुळातच किरणोत्सर्ग किती आहे ते मोजणं. पोर्टेबल सॅम्पलर म्हणजे छोटा पंप. तो हवा ओढतो, धूळ फिल्टरपेपरवर बसते आणि तो पेपर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काउंटरखाली ठेवायचा. त्या पहाटे काउंट गावातल्या इतर घरांच्या खूपच वर गेला. सुमनच्या आईचा चेहरा उतरला.

"जास्त म्हणून लिही आणि चल," आमचे साहेब म्हणाले.

"सर, थांबू या. काहीतरी चुकतंय."

जमिनीतून आणि दगडातून रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू सगळीकडेच झिरपतो, त्यातून बनणारे कण धुळीला चिकटतात. रात्री वारा पडला की तो साचतो, दुपारी खारा वारा सुटला की पांगतो. म्हणून पहाटेचा आकडा चढाच असतो. पण इतर घरंही आम्ही पहाटेच मोजली होती.

"काकू, खिडक्या रोज अशाच बंद असतात?" मी सुमनच्या आईला विचारलं.

"छे हो! मुंबईची माणसं येणार, मशीन नाजूक. धूळ नको म्हणून परवापासून माजघर गच्च लावून ठेवलं. सुमनसुद्धा ओटीवर निजली."

मला हसूच फुटलं. काकूंचा पाहुणचार सरळ फिल्टरपेपरवर उतरला होता.

साहेब कुरकुरत थांबले. घावन्यांचा वास आला होता, हेही कारण असेल. दुपारी सगळं उघडून सॅम्पल घेतलं, काउंट पार खाली. पण दुपारशी पहाट ताडून चालत नाही, म्हणून मुक्काम केला; सासूबाईही निकालासाठी थांबल्या. खिडक्या रोजच्यासारख्या ठेवून दुसऱ्या पहाटे पुन्हा मोजलं. आकडा शेजाऱ्यांइतकाच आला. मला फार बरं वाटलं.

"म्हणजे बाळंतिणीची खोलीही बंद ठेवू नये म्हणता?" सासूबाईंनी विचारलं.

"वारा खेळू द्या."

"बरं. मग राहू दे तिला इथेच."

काकूंनी डोळे पुसले आणि मला आणखी दोन घावने वाढले.

पुढे प्रत्येक गावी मी आधी निरोप धाडायचो, आमच्यासाठी काहीही करू नका. कोकणात हे कोणी ऐकत नाही. म्हणून सॅम्पलची वेळ ठरवण्याआधी, घर कधीपासून बंद आहे, ते विचारायला लागलो.