भडका पत्ते खेळायला शिकली

माझ्या थोरल्या बहिणीला कारखान्यात सगळे भडका म्हणायचे, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. आमचा कारखाना कोंबड्या कापण्याचा. साखळीला उलट्या टांगलेल्या कोंबड्या समोरून सरकत येतात आणि आम्ही बाया सांध्यात सुरी घालून तंगड्या सोडवतो. हाड तोडायचं नाही, सांधा शोधायचा. ताई मिनिटाला अकरा करायची. सुरी जितकी नेमकी, तितकंच डोकं बेताल. एकदा मुकादमाने नव्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला, तर ताईने त्याची मान धरून तोंड रक्ताच्या टबात बुडवलं. तोंडात रक्त असताना माफी नीट मागता येत नाही, म्हणून तिने त्याला दोनदा मागायला लावली. मला विचाराल तर तीनदा हवी होती.

तिच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने, आईचा हा राग कुठेतरी निघावा म्हणून तिच्या मोबाइलमध्ये पत्त्यांचा एक खेळ घालून दिला. राजा-राणीचे पत्ते नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर एखादा लढवय्या नाहीतर जनावर. जिंकलं की नवा पत्ता मिळतो, असे साठवत जायचे. समोर कुणीतरी अनोळखी माणूस त्याच्या मोबाइलवर खेळत असतो. दोघांना तीस-तीस जीव, ज्याचे आधी संपतील तो मेला. खेळाचं मराठी करणाऱ्याने डोकं बहुधा घरी ठेवलं होतं, कारण दर वेळी आतली बाई खणखणीत आवाजात सांगायची, “तुमची पाळी आली!” जेवणाच्या सुटीत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळ्या बाया हसून लोळल्या. मुकादम डबा उचलून बाहेर गेला, तो हात धुवायलाही परत आला नाही.

पहिले दोन महिने ताई नुसती हरत होती. हातातले सगळे पत्ते ती एकदम मैदानात सोडायची, आणि समोरचा एकच विजेचा पत्ता टाकून सगळ्यांची राख करायचा. मग मोबाइलला अशा शिव्या, की मी डबा घेऊन लांब बसायचे. पण ती हट्टाला पेटली. मोठा पत्ता दिसला म्हणून टाकायचा नसतो, हे तिला कळलं. आपण ज्याला मारतो तो उलट मारतोच, आणि तो मार आपल्या पुढे उभ्या असलेल्या पत्त्याला बसतो, हेही कळलं. रागात खेळलेला डाव हरतोच हरतो, म्हणून लागोपाठ दोनदा हरली की ती मोबाइल एप्रनच्या खिशात टाकायची आणि सुरी पाजवत बसायची. वर्षभरात ती खेळात इतकी वर चढली की माल न्यायला येणारी गाडीवाली पोरंसुद्धा तिला विचारायला यायची. ती सगळ्यांना एकच सांगायची, “थांबायला शिका.” भडकाच्या तोंडून हे ऐकताना मला हसू यायचं.

भाचीने लग्न केलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी. दिसायला गोड, बोलायला लाघवी. सहाव्या महिन्यात भाची मान दुखते म्हणून गळ्याला ओढणी गुंडाळून आली. ताईने ओढणी सोडली. मानेवर चार बोटं आणि एक अंगठा उमटलेला होता.

त्याच संध्याकाळी ताई त्यांच्या घरी गेली, स्वयंपाकघरातला तवा उचलला आणि जावयाच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पोलिसांनी दोन्हीकडच्यांना बोलावून समज दिली आणि नवराबायकोला घरी पाठवलं. घरी गेल्यावर त्याने भाचीची दोन बोटं दारात घालून दार लावलं. एका दाताला एक बोट, असं म्हणाला.

ताई त्या दिवसापासून बदलली. आपण मारलं आणि मार पुढे उभ्या असलेल्या पोरीला बसला, एवढंच ती बोलली. आता तो बाहेरून कुलूप लावून जायचा, तिची कागदपत्रं लपवून ठेवायचा, आणि फोन करू द्यायचा तो समोर बसून, स्पीकर लावून. तेव्हा ताईनेच खूण ठरवली आणि एका मैत्रिणीच्या हातून भाचीपर्यंत पोचवली. कागद हाताला लागले आणि दार उघडं मिळालं, की फोनवर म्हणायचं, “आई, माझी पाळी आली.” असलं बायकी बोलणं निघालं की तो कान देणार नाही. आम्ही टेम्पो घेऊन दहा मिनिटांत दारात.

तीन आठवडे काही नाही. मग एका बुधवारी जेवणाच्या सुटीत फोन वाजला. मी शेजारीच होते.

“आई,” भाची म्हणाली, “माझी पाळी आली नाही.”

आवाज बारीक होता. ताईने एक श्वास घेतला. “बरं. घाई करू नकोस. थांब.”

पलीकडून फोन कट झाला. मी उठलेच. म्हटलं, आवाज ऐकलास का तिचा, चल, आत्ता जाऊ, कुलूप तोडू. ताईने माझं मनगट धरलं. नाही आली म्हणाली ना, म्हणजे वेळ झालेली नाही, आता गेलो तर तो तिला मोडेल. ती इतकी शांत होती की मी खाली बसले.

आठ दिवसांनी भाचीच्या शेजारणीने इस्पितळातून फोन केला. तीन बरगड्या मोडल्या होत्या. त्याने तिला पाडून पोटात लाथा घातल्या होत्या, तिने त्याच्या पायाला मिठी मारली तरी थांबला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, मूल गेलं. ताईने विचारलं, कुठलं मूल?

भाचीला शुद्ध आली तेव्हा ती आईकडे बघून म्हणाली, “मी तुला खरंच सांगत होते गं. पाळी आली नव्हती.”

ताई रडली नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली, सुरी पाजवली, एप्रनमध्ये गुंडाळली आणि फाटकातून बाहेर पडली. तो कुठल्या इमारतीत काम करतोय हे तिने आधी चौकशी करून ठेवलं होतं. लिफ्टच्या उघड्या दारापाशी तो वाकलेला होता. तिने हाक मारली, “जावईबापू.” तो वळला. तिने उजवं मनगट धरलं आणि सांध्याच्या आतली शीर कापली, मग कोपराची, मग डाव्या हाताचंही तसंच. हाडाला धक्का नाही. तो फरशीवर लोळत ओरडत होता आणि त्याचे दोन्ही पंजे नुसते लोंबत होते. रक्त जिन्याच्या तीन पायऱ्या उतरून गेलं. तिने त्याच्याच पट्ट्याने आणि त्याच्याच वायरीने दोन्ही दंड आवळले, मरू नये म्हणून, आणि पोलीस येईपर्यंत वरच्या पायरीवर बसून राहिली.

सरकारने दिलेला वकील तरुण होता, पण भला होता. त्याने ताईला दहा वेळा पढवलं. म्हणायचं, लेकीची दशा पाहिली आणि रागाच्या भरात भान सुटलं, काय केलं कळलं नाही. शिक्षा निम्म्यावर येईल. तिचा स्वभाव सांगायला कारखान्यातल्या बारा जणी आल्या होत्या. रक्ताच्या टबात बुडालेला मुकादमसुद्धा आला होता, आणि तिच्या बाजूने बोलला.

न्यायाधीशांनी ताईला विचारलं, तुम्ही हे रागाच्या भरात केलंत का?

“नाही साहेब,” ताई म्हणाली. “रागाच्या भरात असते तर आठ दिवस आधीच गेले असते. मूल वाचलं असतं.”

वकिलाने डोळे मिटून घेतले. भाची माझ्या शेजारी बसली होती, तिने आपली वाकडी बोटं माझ्या हातात दिली. ताईला नऊ वर्षांची सजा लागली. त्या बुधवारी राग मला आला होता, टेम्पोची किल्ली माझ्या खिशात होती, आणि मी खाली बसले होते. मला कुणी काहीच विचारलं नाही.