पाण्याचा डोळा लागू नये म्हणून

दार उघडलं की आधी तळपायांना जाणवते ती घरघर, मग कानांना. मागोमाग मिठाचा ओलसर गंध येतो आणि मग दिसतं भिंतभर काचेआड हेलकावणारं निळं पाणी. कोपर स्टेशनजवळच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी समुद्र कोंडून ठेवलाय, आणि त्याला क्षणाची स्वस्थता नाही. मलाही ती कधी नव्हती. आमची गट्टी जमली ती बहुधा त्यामुळेच.

खरं तर ही खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी बांधली बाबांसाठी. आई गेली आणि मी त्यांना कळव्याच्या गावठाणातून इथे घेऊन आलो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरांवर राबलेलं. आगरं गेली, जमिनींना सोन्याचा भाव आला, आम्ही खाऊनपिऊन सुखी झालो. बाबांचे हात मात्र रिकामे झाले. "मी जातो आपल्या घरी," हा त्यांचा रोजचा धोशा. आई गेल्यावर त्या घरात एकटे असतानाच ते न्हाणीत घसरून पडले होते आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तिथे एकटं कसं राहू देणार त्यांना? दाराआड त्यांची कापडी पिशवी कायम भरलेली असे. येता-जाता ती दिसली की मी ती पायानं आणखी मागे सरकवायचो. वाटलं, खारं पाणी डोळ्यांसमोर असलं तर जीव रमेल त्यांचा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी तर अख्खी टाकीच धरली!

आता तुम्हाला वाटेल, वागळे इस्टेटमध्ये पंपांच्या देखभालीत ज्याचं आयुष्य गेलं, त्याला घरातल्या टाकीचं काय जड जाणार! मलाही तसंच वाटलं होतं. पण कारखान्यातलं पाणी इथून निघून तिथे पोचायचं असतं. या पाण्याला कुठेच पोचायचं नसतं आणि तरीही थांबायचं नसतं. हे असं निरुद्देश, अविरत चालणं किती अवघड! पहिल्यांदा मी माझ्या सवयीनं एकच दांडगा पंप आणला. त्याचा झोत सरळ प्रवाळावर बसला आणि त्या मऊ, मांसल जिवानं आपली बोटं मिटून घेतली ती उघडेचना. शिवाय दगडांमागे पाणी निपचित पडून राहिलं आणि तिथे घाण साचली. मग कळलं, मोठ्या टाकीला एक बलदंड पंप नको, रुंद आणि सौम्य झोताचे लहान-लहान पंप हवेत. ते समोरासमोर बसवायचे, एकाचा झोत दुसऱ्याच्या झोताला भिडवायचा, म्हणजे पाणी कुठून कसं वळेल याचा नेम राहत नाही. एखादा वर, पृष्ठभाग डहुळता ठेवण्यासाठी, म्हणजे पाण्यात हवा मिसळत राहते. एखादा खाली, दगडांच्या पाठीमागची सुस्ती मोडण्यासाठी. प्रवाळ डोलला पाहिजे, झोडपला जाता कामा नये.

एवढं कळूनही माझा हात काही स्थिर राहिला नाही. सकाळी पंप डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे! बायको वैशाली म्हणाली, "अरे, पंप हलवतोयस की स्वतःला? त्या माशांना जरा सेटल तर होऊ दे!" ती हसली, मीही हसलो, आणि हसता हसता कोपऱ्यातला पंप वीतभर वर सरकवला.

बाबा खुर्चीत बसून हे सगळं बघत. एकदा त्यांचा संयम सुटला. "अरं बाला, पानी जरा निजू दे. पलवून पलवून मारशील त्याला."

मला ते गमतीचं वाटलं. त्यांच्यासाठी ते मुळीच गमतीचं नव्हतं, हे कळलं पुढच्या आठवड्यात. दुपारी कामावरून लवकर परतलो, दार उघडलं, आणि तळपायांना काहीच जाणवलं नाही. बाबांनी सगळे पंप बंद केले होते. मिठागराच्या कप्प्यात भरतीचं पाणी घेतलं की मग त्याला कुणी हात लावायचा नाही, पोराटोरांनी पाय घालायचा नाही. उन्हात पाणी स्वस्थ निजलं तरच मीठ धरतं. जन्मभर हाच त्यांचा धर्म! खारं पाणी ढवळणं हे त्यांच्या लेखी पापच. वैशाली घरात नव्हती, आणि उकाड्यात तासन्‌तास पाणी थिजून राहिलेलं. मासे पृष्ठभागाशी येऊन आ वासत होते. मी धावत जाऊन बटणं दाबली. बाकीचे वाचले, पिवळा मासा, ज्याला बाबा रोज 'ये रं हलद्या' म्हणत, तेवढा गेला.

मी जाळीनं त्याला अलगद बाहेर काढला. रागावलो असतो तर बरं झालं असतं. बाबा उठले, दाराआडची पिशवी उचलली आणि म्हणाले, "माझ्या हातानं गेलं. मना जाव दे आता."

मला भीती वाटली, आई गेली तेव्हा वाटली होती तशीच. तोंडून निघालं ते वेगळंच. म्हटलं, "बाबा, यांना खायला घालताना पाणी थोडा वेळ थांबवावंच लागतं. नाहीतर दाणा झोताबरोबर वाहून जातो, त्यांच्या तोंडी लागत नाही. माझ्याच्याने धीर धरवत नाही, मी घाईने पंप चालू करतो. तुम्ही कराल का?" यात खोटं काहीच नव्हतं. बाबांनी पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "किती येल निजवायचा त्याला?"

त्या दिवसापासून ते काम त्यांचं. दुपारी ते पंप थांबवतात, चिमटीनं दाणा सोडतात, मासे खाऊन होईपर्यंत काचेला नाक लावून उभे राहतात आणि मग स्वतःच्या बोटानं पाणी पुन्हा जागं करतात. टाकीच्या काठावर मिठाची पांढरी पुटं चढतात, तीही तेच खरवडतात. एकदा जिभेवर ठेवून म्हणाले, "खारट हाय, पन आपलं नाय."

गेल्या रविवारी गावाहून काकांचा बाबांना फोन आला. जुन्या घराची डागडुजी करून ते आता तिथेच राहायला आले होते, "ये रं दादा, ऱ्हायला ये." मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. इतक्या दिवसांची त्यांची इच्छा, आणि नाही म्हणायला माझ्याकडे आता कारणही उरलं नव्हतं. बाबा टाकीकडे बघत होते. पंप तेव्हा थांबलेले होते. माशांनी शेवटचा दाणा टिपला.

"नाय रं," बाबा फोनवर म्हणाले, "मी आलो तं हितं पानी चालू कोन करल?"

आणि त्यांनी बटण दाबलं. घरघर सुरू झाली, आधी माझ्या तळपायांना जाणवली, मग कानांना. मिटलेला प्रवाळ बोटं उघडू लागला. मी तसाच उभा राहिलो; कोपऱ्यातला पंप किंचित वाकडा दिसत होता, तरी त्याला हात लावला नाही.