लेकुरवाळी

प्रयोगशाळेत सगळे तिला लेकुरवाळी म्हणत. लग्न झालेलं नव्हतं, पण फ्लास्कमध्ये वाढणाऱ्या यकृताच्या कर्करोगाच्या पेशींना ती ‘लेकरं’ म्हणायची. रविवारी, अगदी लक्ष्मीपूजनाच्या दुपारीसुद्धा, सदाशिव पेठेतल्या खोलीवरून स्कूटीवर यायची आणि पेशींचं जुनं खाद्य काढून नवं घालायची. शेजारच्या बाकावरचा सीनियर विचारायचा, “काय, बारसं कधी?” ती मान वर न करता म्हणायची, “तुझी पीएचडी झाली की त्याच मांडवात.”

मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी तिच्या हाताखाली आले. वर्गातल्या निम्म्या मुली सॉफ्टवेअर कंपन्यांच्या परीक्षा देत होत्या आणि माझ्या घरच्यांचंही तेच म्हणणं होतं. तिला मी ताई म्हणायचे; ती वर्ध्याची. तिची पीएचडी संपत आली होती, फेलोशिपही. मी चुकले की पुटपुटायचे, तेव्हा ती म्हणायची, “मराठीत सांग काय झालं ते. इंग्रजीत तू नुसतं सॉरी म्हणून राहिली.” मग मला सगळं सांगावं लागायचं. तेवढं बोलण्याची मला सवय नव्हती.

नवख्याचा पहिला धडा ठरलेला होता. यकृताची पेशी अल्ब्युमिन नावाचं प्रथिन बनवते. त्याची खूण जेलच्या पातळ थरावर पट्ट्यासारखी दिसते. ती शोधायची. मला पट्टा दिसला नाही. पुन्हा केलं, तरी नाही. सीनियर म्हणाला की हे दरवर्षीचंच आहे, शिकाऊ हात, सोडून दे. माझ्या आधीच्या मुलांनाही तो दिसला नव्हता आणि प्रत्येक वेळी हाताला दोष देऊन सगळे पुढे गेले होते. ताईने मात्र माझ्या शेजारी बसून तोच प्रयोग स्वतः केला. तिच्याही जेलवर ती जागा कोरी राहिली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “तुझा हात बरोबर आहे.”

तिने पेशी डीएनए तपासणीला पाठवल्या. त्या यकृताच्या नव्हत्याच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, जगभर फोफावलेल्या आणि दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये शिरणाऱ्या पेशी होत्या. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तिला पाठवल्या, तेव्हाच त्या तशा होत्या. तिचा सगळा प्रबंध त्यांच्यावर उभा होता.

तिच्या मार्गदर्शक सरांनी मार्ग सुचवला. शीर्षकातून यकृत काढू, नुसतं ‘कर्करोगाच्या पेशी’ ठेवू, पदवी मिळून जाईल. ते हे आपुलकीनेच म्हणत होते. ताई म्हणाली, “सर, मी शोधलं ते यकृतासाठी. उद्या त्यावरून कुणी यकृताचं औषध करायला बसेल.” त्या दुपारी तिने त्या पेशींच्या गोठवलेल्या सगळ्या कुप्या बाहेर काढल्या आणि एकेकीत ब्लीच घातलं. मी कुप्या हातात देत होते. तिने मदत मागितली नव्हती, पण नकोही म्हणाली नाही.

त्या पेशी तिने गावातल्या आणखी दोन प्रयोगशाळांना वाढवून दिल्या होत्या. फोन करता आला असता, पण तोंडावर सांगायला हवं असं तिचं म्हणणं. मला मागे बसवून ती दोन्हीकडे गेली. पहिल्या ठिकाणी चहा मिळाला. दुसऱ्या ठिकाणचे गृहस्थ म्हणाले, “आमचा पेपर छापून झालाय, बाई.” ताई म्हणाली, “म्हणूनच आले.”

फेलोशिप संपली. नव्या पेशींवर पहिल्यापासून सुरू करायला आणखी काही वर्षं लागली असती आणि तेवढी सवड तिच्या घराला नव्हती. वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी तिने घेतली. न्यायला तिचे बाबा आले होते. शाळेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. स्टेशनवर त्यांनी मला विचारलं, “आता हिला डॉक्टर म्हणायचं ना?” ताईने त्यांना काहीच कळवलं नव्हतं. मी ताईकडे पाहिलं. मग तिनेच सांगितलं, बाकावर बसून, सगळं.

शेवटी त्यांनी विचारलं, “आणि हे चुकलं म्हणून कोणी सांगितलं?”

“मीच,” ताई म्हणाली.

बाबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. गाडी लागली तेव्हा त्यांनी तिच्या हातातली जड पिशवी आपल्या हातात घेतली आणि म्हणाले, “चल बाई, घरी चल.”